मवाळ केलेल्या नोंदी

जयवंत सामंतांना ज्या माणसाचा मत्सर वाटत होता, तो जाऊन अकरा वर्षं झाली होती. जिवंत माणसाचं एक बरं असतं. त्याची ढेरी सुटते, पंगतीत तो स्वतःच्याच शर्टावर मठ्ठा सांडतो आणि बघणाऱ्याला जरा गार वाटतं. उदय करंदीकर यातलं काही करणार नव्हता. हॉलमधल्या फोटोत तो कायमचा बावन्न वर्षांचा, भरपूर केसांचा आणि किंचित हसरा होता, आणि पासष्ट वर्षांचे सामंत रोज सकाळी त्याच्यासमोर बसून रक्तदाबाची गोळी घेत होते.

फोटो हॉलमध्ये लावा, असं सांगितलं होतं ते सामंतांनीच. पावणेतीन वर्षांपूर्वी, साताऱ्यात एकट्या राहिलेल्या ज्येष्ठांचा एक मेळावा होता. छातीवर नंबराचे बिल्ले, हातात उपम्याच्या बश्या. एक्केचाळीस नंबरच्या सामंतांनी पाहिलं, की सतरा नंबरच्या बाई उपमा नुसताच चिवडताहेत. ते आत जाऊन मीठ घेऊन आले. सहा महिन्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. वृषालीताई सामान घेऊन आल्या तेव्हा पहिल्या नवऱ्याचा फोटो साड्यांच्या घड्यांत गुंडाळलेला होता. "तो आत कशाला? हॉलमध्ये लावा," सामंत म्हणाले. औदार्य दाखवायला पाच मिनिटं पुरतात. पुढं रोज निभवावं लागतं, हे त्यांना मागाहून कळलं.

त्यांचा स्वतःचा पहिला संसार चोवीस वर्षांचा होता. निर्मलाबाईंशी भांडण नाही आणि हसणंखिदळणंही नाही. त्या गेल्यावर त्यांच्या हातची पाककृतींची एक वही निघाली. तीत सामंतांचा उल्लेख एकाच ठिकाणी होता: 'यांना वांगं चालत नाही.' आपल्यावर कुणी एवढीच ओळ लिहिली, याचं सामंतांना तेव्हा काही वाटलं नव्हतं. वृषालीताईंच्या वह्या बघितल्यावर वाटायला लागलं.

त्या वह्या टेबलावर आल्या एका रविवारी. सतरा वह्या, पुठ्ठ्याच्या, दमटपणानं फुगलेल्या.

"अहो, तुम्हाला यातलं कळतं," वृषालीताई म्हणाल्या. "मला एक डायरीचं ॲप निवडून द्या ना. शाई उडत चाललीय. वाचता येतंय तोवर मी सगळं वाचून त्यात घालते."

"नुसतं साठवायचंच आहे ना? मग काय, कुठलंही चालेल."

"नुसतं साठवून काय करू? मागचं पुन्हा ऐकता आलं पाहिजे. परत जाता आलं पाहिजे हो."

परत जाता आलं पाहिजे! म्हणजे इथून तिथं. उदयकडे. पण काम कुठलंही असो, ते चोख करायचं अशी सामंतांना चौतीस वर्षांची सवय होती. टेलिफोन खात्यात त्यांनी आयुष्यभर एकच केलं होतं: लाइनवरची खरखर शोधून ती काढून टाकायची. त्यांनी कागदावर तीन रकाने आखले आणि तीन ॲपं समोर ठेवली.

पहिलं 'कपाट'. त्यात आवाज ठेवायचा आणि हवा तेव्हा काढायचा. दुसरं 'मागचं पान'. ते रोज सकाळी गेल्या वर्षांतली त्याच तारखेची नोंद आपण होऊन वाचून दाखवी. तिसरं 'पुनर्भेट', आणि सगळी गोम त्यात होती.

गेल्या दहा वर्षांत मेंदूवाल्यांनी एक गोष्ट पक्की केली होती. आठवण ही अल्बममधल्या फोटोसारखी एकदा चिकटवली की झालं, अशी नसते. आपण ती काढतो तेव्हा ती काही तासांपुरती मऊ होते, आणि मग पुन्हा घट्ट होते. मोडलेला लाडू पुन्हा वळावा तसं हे आहे. वळताना हाताला जे लागलेलं असेल ते आत जातं. म्हणून वीस वर्षांपूर्वीचा अपमान आज आठवताना आजची कंबरदुखीही त्यात मिसळते.

'पुनर्भेट'नं याच मऊ तासांचा उपयोग केला होता. वाचताना मनगटावर एक पट्टी बांधायची. ती नाडी, कातडीचा ओलावा आणि आवाजातला कंप टिपून त्या नोंदीची एक लय तयार करी. पुढं तीच नोंद ऐकताना कानाच्या पाळीला एक क्लिप लावायची. कानातून एक मज्जातंतू मानेवाटे थेट काळजापर्यंत जातो. त्याला बारीक ठोके देऊन क्लिप शरीराला त्या जुन्या लयीत नेई. मग आठवण पुन्हा घट्ट होताना मूळच्या भावनेसकट घट्ट होई, आणि विटत नसे.

"मला विचाराल तर 'कपाट' घ्या," सामंत जेवताना म्हणाले. "सुटसुटीत आहे. बिघडायला त्यात काही नाहीच."

"आठवडाभर तिन्ही फुकट वापरता येतात म्हणे. मी बघते वापरून."

आठव्या दिवशी त्यांनी 'पुनर्भेट' घेतलं. त्यात सहकारी म्हणून एक विश्वासाचं माणूस नोंदवावं लागे. त्या माणसाला नोंदी ऐकता येत नसत, पण तारखा, पहिल्या दोन-तीन ओळी आणि सगळी बटणं त्याच्या हातात असत. वृषालीताईंनी न विचारता सामंतांचं नाव घातलं.

मग रोज चारचा चहा झाला, की गॅलरीत त्यांचं वाचन सुरू होई. सामंत स्वयंपाकघरात काहीतरी आवरत, म्हणजे काहीही न आवरता, कान देऊन उभे राहत. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान काही झाकता येत नाहीत. आणि त्यांना झाकायचे नव्हतेच.

'तेरा मार्च. कराडच्या स्टँडवर शेवटची गाडी चुकली. एकच प्लेट मिसळ उरलेली. तू तर्री सगळी माझ्याकडे सरकवलीस आणि म्हणालास, मला ॲसिडिटी आहे. खोटारडा! रात्रभर स्टँडवर बसलो आणि तू बेसूर गात होतास.'

'तू' म्हणायची त्याला. सामंत आणि वृषालीताई एकमेकांना 'तुम्ही' म्हणत, शेजारच्या ब्लॉकमधल्या माणसांनी म्हणावं तसं. आणि हसणं! खोटारडा म्हणताना त्या जे हसल्या, ते सामंतांनी पावणेतीन वर्षांत ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या वाचनात स्कूटर शिकताना उदय बाभळीत पडला. तिसऱ्या दिवशी त्यानं पुरणपोळ्या केल्या, त्या तव्यावरच फुटल्या आणि दोघांनी चमच्यानं खाल्ल्या. सामंतांनी मिक्सर सुरू केला. मग गॅलरीत डोकावून विचारलं, "जिरं कुठं ठेवलंत हो?"

"जिऱ्याच्या डब्यात," त्या म्हणाल्या, आणि पुढचं पान उलटलं.

एकदा धीर करून त्यांनी विचारलं, "हल्लीचं पण लिहिता का? म्हणजे आपलं, इथलं?"

"लिहिते की. रोज."

"काय लिहिता?"

"दुसऱ्याच्या डायरीत काय आहे ते विचारू नये," वृषालीताई म्हणाल्या आणि हसल्या. पण हे हसणं साधं होतं, चहापुरतं. काय लिहीत असणार? सामंतांनी आपल्याशीच ताडलं: जयवंतरावांना वांगं चालत नाही.

ऑगस्टमध्ये वृषालीताई एक नोंद ऐकताना रडल्या, डोळे पुसून तीच पुन्हा लावली आणि पुन्हा रडल्या. सामंतांनी तव्यावरची पोळी करपवली. दुसऱ्या दिवशी त्या भाजी आणायला गेल्या, तेव्हा त्यांनी सहकाऱ्याचं पान उघडलं आणि अगदी तळाशी असलेलं बटण शोधून काढलं: 'मवाळ'.

ही सोय होती अपघातातून, पुरातून वाचलेल्या माणसांसाठी. तंत्र तेच, फक्त उलटं. आठवण मऊ असताना क्लिप काळीज संथ ठेवते. पाच-सहा वेळा असं झालं, की आठवणीतली माहिती जशीच्या तशी राहते आणि डंख जातो. पूर आला होता, घर गेलं होतं, हे कळतं. पण छातीत धडधडत नाही. यात वाईट काय, असं सामंतांनी स्वतःला विचारलं. बाई रडते. तिचं रडणं थांबवायचं. उदय तिच्या वहीत राहीलच, फक्त तिच्या अंगात राहणार नाही. मनात जळणारा माणूस स्वतःला किती सभ्य भाषेत समजावतो, ते त्या दुपारी बघण्यासारखं होतं.

नोंदी निवडायला ॲपनं नमुने मागितले. त्यांनी कराड, स्कूटर आणि पुरणपोळी निवडली.

'या तिन्ही नोंदींत एक समान लय आढळली. जिथे जिथे ही लय असेल, तिथे मवाळ करू?'

होय.

'डायरी लिहिणाऱ्या व्यक्तीची संमती घेतली आहे ना?'

सामंतांनी चष्मा पुसला आणि तिथंही होय दाबलं.

महिन्याभरात फरक दिसला. कराडची नोंद वृषालीताईंनी ऐकली आणि मध्येच उठून वाळत घातलेले कपडे काढले. पुरणपोळीच्या वेळी जांभई दिली. सप्टेंबरात उदयचा वाढदिवस आला. दर वर्षी त्या त्याला आवडणारी खांडवी करत. या वर्षी त्यांनी तारीख सांगितली, फोटोला फूल घातलं आणि दुधी किसायला घेतला. सामंत त्या दिवशी शीळ घालत टेकडीवरच्या चार भिंतींच्या स्मारकापर्यंत चढून आले. आपण आता या घरात दोघंच आहोत, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं.

तूप कढवलं की भांड्यातली बेरी साखर घालून सामंतांसाठी वाटीत काढून ठेवायची, अशी वृषालीताईंची रीत होती. ऑक्टोबरात त्यांनी ते भांडं पाणी घालून भिजत टाकलं. सामंतांनी ते बघितलं. पंख्यावरून होणारं रोजचं भांडण बंद झालं. सामंतांनी बंद केला की बंद, लावला की चालू. सामंतांना सर्दी झाली तेव्हा वृषालीताईंनी औषध आणून दिलं, वेळेवर, पाण्याच्या ग्लासासकट, आणि शेजारी बसल्या नाहीत. वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. दवाखान्यातली नर्स याहून वेगळं काय करते?

दिवाळी झाल्यावर, बहिणीचा फोन येऊन गेला त्या दिवशी, चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "नंदाताई बेळगावला बोलावतेय. कायमचीच ये म्हणते. जाऊ म्हणते मी."

"कायमची?"

"रागावून नाही हो म्हणत. इथं त्रास काहीच नाही. पण इथंच राहावं असंही काही वाटत नाही."

"अहो, आपलं लग्न झालंय!"

"झालंय ना. का केलं तेही आठवतं. उपम्यात मीठ नव्हतं, तुम्ही आणून दिलंत." त्या खरंच आठवून बघत होत्या. "पण त्यात मला एवढं काय वाटलं होतं, ते काही सापडत नाही."

सामंतांनी कप बशीत ठेवला. ते उठून आतल्या खोलीत गेले, दार लावलं आणि सहकाऱ्याच्या पानावरचा अहवाल पहिल्यांदाच उघडला. तीन महिन्यांत त्यांनी तो उघडला नव्हता. लाइनवर गाळणी लावण्याआधी तीतून काय काय जाणार आहे ते बघायचं, हे त्यांनी खात्यातल्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पण तेव्हा जे काढायचं असे, त्याचा त्यांना मत्सर वाटत नसे.

मवाळ केलेल्या एकूण नोंदी चारशे एक. जुन्या वह्यांतल्या नव्व्याण्णव. उरलेल्या तीनशे दोन गेल्या पावणेतीन वर्षांतल्या.

त्यांना आधी वाटलं, यंत्र चुकलं. सतरा वह्या टेबलावर आल्या होत्या, त्या सगळ्या उदयच्या काळातल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, की अठरावी आणि एकोणिसावी वही टेबलावर आलीच नव्हती. ते सकाळी फिरायला जात तेव्हा वृषालीताई त्या वाचून घालत होत्या. रोज सकाळी ऐकतही होत्या, उदयच्या नोंदींपेक्षा जास्त वेळा. पहिल्या ओळी एकाखाली एक दिसत होत्या.

'आज चार भिंतींवर गेलो. जयवंतना दम लागला, पण कबूल करतील तर शपथ.'

'बोलत उभे राहिलो आणि दूध उतू गेलं. दोघांनी बघितलं. कुणी हललं नाही.'

'फोटो हॉलमध्ये लावा म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. असा माणूस मला या वयात मिळेल असं वाटलं नव्हतं.'

सामंतांनी दोन आलेख एकमेकांवर ठेवले, कराडची मिसळ आणि उतू गेलेलं दूध. खरखरीतून आवाज वेगळा काढण्यात त्यांची हयात गेली होती. या दोन रेघा त्यांना वेगळ्या काढता आल्या नाहीत. उदयसाठी जे होतं तेच त्यांच्यासाठी होतं, तितकंच होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या बोटानं पुसलं होतं. ते पलंगावर बसले आणि तोंडावर टॉवेल धरून मोठ्यानं रडले.

कंपनीतल्या मुलीनं फोनवर शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "मूळ लय आमच्याकडे आहे सर. ती परत लावून आठ-दहा वेळा ऐकलं, की बहुतेकांचं परत येतं. जुन्या वह्या, नव्या वह्या, तारखांप्रमाणे वेगवेगळंही करता येईल. फक्त मवाळ काढायला मॅडमची स्वतःची परवानगी लागेल, कारण काढल्यावर त्रास होऊ शकतो. लावताना तुम्ही त्यांना विचारलं असेलच."

सामंतांनी फोन ठेवला आणि गॅलरीत गेले. वृषालीताई मेथी निवडत होत्या. त्यांनी समोर बसून सगळं सांगितलं: मिक्सर, जिरं, तीन नमुने, दोनदा दाबलेलं होय. काही लपवलं नाही.

"बरं," वृषालीताई म्हणाल्या.

"तुम्हाला राग नाही आला?"

"यायला पाहिजे, ते कळतंय मला. दुसऱ्या बाईला सांगितलं असतंत तर तिनं तुम्हाला घराबाहेर काढलं असतं." त्यांनी एक जून काडी बाजूला टाकली. "आता काय म्हणता?"

"परवानगी द्या. सगळं परत येईल. उदयही येईल. येऊ दे."

"पण मला आता त्रास नाहीये. परत कशाला आणू? मिसळ आठवते, स्कूटर आठवते. त्यात विशेष काय होतं?"

सामंतांनी खुर्ची पुढं ओढली. मग ते बोलायला लागले. "तेरा मार्च. तुम्ही ॲसिडिटी आहे म्हणालात आणि थांबलात. पुढचा शब्द खोटारडा. तो म्हणताना तुमचा आवाज वर गेला आणि मग हसू आलं, तोंडावर हात धरून येतं तसं. बेसूर म्हणताना मात्र आवाज बसला. ते वाक्य तुम्हाला धड पुरं करता आलं नाही. बाभळीचे काटे तुम्ही त्याच्या पाठीतून काढलेत, एकोणीस. ते वाचताना तुम्ही स्वतःच प्रत्येक आकड्याला आई गं म्हणत होतात. पुरणपोळीच्या वेळी..." सामंतांना पुढं बोलवेना. तीन महिने जळत जळत ऐकलेलं सगळं त्यांना पाठ होतं. त्या घरात उदय आता फक्त त्यांच्याच घशाशी येत होता.

वृषालीताई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. "तुम्हालाच एवढं भरून येतंय," त्या म्हणाल्या, "तर मला केवढं येत असेल!" त्यांनी मेथीचे हात पदराला पुसले. "आणा तो फोन."

सामंतांनी परवानगीचं पान काढून दिलं. वृषालीताईंनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं आणि जुन्या सतरा वह्यांसमोर अंगठा टेकवला. मग फोन परत पुढं केला.

"आणि खालच्या?" सामंत म्हणाले. "खालच्या तीनशे दोन राहिल्या."

"त्या राहू देत तशाच."

"अहो, पण त्यात... हे बघा ना." त्यांनी घाईघाईनं आलेख काढला. "दोन्ही रेघा सारख्या आहेत. एक त्याची, एक माझी. तुम्हाला माझ्याबद्दलही तितकंच वाटत होतं."

वृषालीताईंनी रेघा बघितल्या. "असेल. उदयबद्दल काय वाटायचं ते तुम्ही मला सांगितलंत. तुमच्याबद्दलचं कोण सांगणार? तुम्हाला तर ते माहीतच नव्हतं."

"आता माहीत झालंय."

"मलाही आता माहीत झालंय, तुम्ही काय केलंत ते. त्या वह्या लिहिणाऱ्या बाईला ते माहीत नव्हतं. माहीत नसताना वाटलेलं परत घेऊन मी काय करू जयवंतराव?"

खाली कुणाच्या तरी कुकरची शिटी झाली.

"बेळगावला कधी जाताय?" सामंतांनी विचारलं.

"लगेच नाही. नंदाताईला कळवते, थांब म्हणून." वृषालीताईंनी मेथीची परात बाजूला सरकवली आणि क्लिप त्यांच्या हातात दिली. "उदयचं आधी परत येऊ दे. ते आलं, की मग मला तुमचा राग येईल. चांगला येईल. तेव्हा तुम्ही समोर असायला पाहिजे."

सामंतांनी मान हलवली. त्यांनी ती क्लिप वृषालीताईंच्या कानाच्या पाळीला नीट लावली, दुखत नाही ना ते विचारलं, आणि कराडची नोंद स्वतःच सुरू करून समोरच्या खुर्चीत बसून राहिले.